चार फूट चढलेली ओल: सोलापुरातील एका दगडी चर्चच्या दुरुस्तीचे प्रकरण

सोलापुरातील एका जुन्या कॅथॉलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये उत्तरेकडच्या भिंतीला आतून चार फुटांपर्यंत ओल आली होती. ऑइल पेंटचे पापुद्रे सुटत होते, त्यामागून पांढरे खार फुटत होते, आणि पाऊस थांबून दोन महिने झाले तरी भिंत हाताला गार लागत होती. वीसेक वर्षांपूर्वी हीच ओल तीन फुटांच्या खाली होती, तेव्हा तिच्यावर चकचकीत टाइल्सचा पट्टा बसवण्यात आला. ओल पट्ट्याच्या वरून बाहेर पडली.

पॅरिश कौन्सिलपुढे आता नवा प्रस्ताव होता. गिलावा पाडून वॉटरप्रूफिंगचे रसायन घातलेले सिमेंट प्लास्टर करायचे, त्यावर पाच फुटांपर्यंत टाइल्स, वर पीओपीचे छत, खाली ग्रॅनाइट, आणि जागा मोकळी व्हावी म्हणून जुनी वेदी काढायची. कोटेशन आलेले होते, नाताळची मुदत ठरली होती. ग्रॅनाइट म्हटले की बैठकीत कुणी विरोध करत नाही, हा सगळीकडचाच अनुभव. तरी फायनान्स कमिटीतल्या एका सदस्याने विचारले, की पाच फुटांच्या वर ओल निघाली तर पुढे काय? त्या प्रश्नामुळे काम थांबले आणि आधी तपासणी करायचे ठरले.

इमारत

सोलापूर पुणे धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात, येते. हा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत इथले काम मुख्यतः जर्मन जेज्वीट (येशू संघ या कॅथॉलिक संघाच्या) धर्मगुरूंकडे होते. त्या पिढीतल्या दख्खनी चर्चचा एक ठरावीक साचा दिसतो. स्थानिक काळा दगड, टोकदार कमानींच्या उंच अरुंद खिडक्या, सागवानी कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) मंगलोरी कौले, दर्शनी भिंतीच्या माथ्यावर एका घंटेपुरती कमान. युरोपातल्या गॉथिकची ही फार काटकसरी आवृत्ती आहे. दगडी छत नाही, म्हणून बाहेरून रेटा देणाऱ्या कमानी नाहीत, आणि भिंतींवर छपराचे ओझेही बेताचेच.

हे चर्च बाहेरून २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. भिंती ६० सेंटीमीटर जाड. बाहेरचा थर घडीव दगडाचा, आतला ओबडधोबड दगडाचा, आणि मध्ये दगडाचे तुकडे व चुना यांची भर. पुढचे सगळे कळायला ही तीन थरांची रचना लक्षात ठेवावी लागते. हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी चढते ते सांध्यांतल्या चुन्यातून आणि मधल्या भरीतून. म्हणून दगडावर मीटर टेकवून ओल मोजली तर भिंत कोरडी आहे असेच उत्तर मिळते.

पाणी येत होते कुठून

पहिले काम लेव्हल घेण्याचे. दक्षिणेला चर्चचे जोते ६० सेंटीमीटर उघडे दिसत होते, वर तासलेल्या दगडाची तिरकी पट्टी. उत्तरेला तेच जोते जेमतेम २० सेंटीमीटर दिसत होते. म्हणजे उत्तरेचे अंगण ४० सेंटीमीटर वर आले होते. भिंतीला लागून एक मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद असा चाचणी खड्डा घेतला, तेव्हा त्यात अंगणाचा इतिहासच थरांनी दिसला. वर पेव्हर ब्लॉक, त्याखाली दगडी कच, मग १० सेंटीमीटर काँक्रीट, मग मुरमाची भर, आणि तळाला मूळची शहाबादी फरशी. तिच्याही कडेला दगडात कोरलेली उथळ पन्हळ होती, मातीने गच्च भरलेली. बांधणाऱ्यांनी पाण्याची सोय केलेली होती. नंतरच्यांनी दर वेळी जुने न काढता त्याच्यावर नवे घातले, आणि प्रत्येक थराचा उतार थोडा थोडा भिंतीकडे वळत गेला.

दुसरी गोष्ट छपराची. उत्तरेच्या पाख्याची पत्र्याची पन्हळ शेड बांधताना काढली होती आणि पुन्हा बसवली नव्हती. हिशेब सोपा आहे. पाख्याची आडवी रुंदी वळचणीसह ५.६ मीटर, लांबी २५ मीटर, म्हणजे १४० चौरस मीटर. सोलापूरचा पाऊस वर्षाचा म्हणाल तर सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो येतो तो सप्टेंबरच्या संध्याकाळी ढगफुटीसारखा. तासाला ५० मिलिमीटर धरले तर एका तासात ७,००० लिटर पाणी भिंतीपासून दोन फुटांवर आपटते आणि पेव्हरच्या उतारावरून भिंतीकडेच परत येते. अवर्षणग्रस्त जिल्ह्यात इमारतीला पाण्याने धोका आहे हे कुणाला पटत नाही. म्हणूनच इथल्या पन्हळी आधी गंजतात आणि मग हरवतात.

तिसरे कारण खारांनी सांगितले. भिंतीवरचे पांढरे खार ब्रशने कोरडे झाडून गोळा केले, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले आणि त्यात नायट्रेटच्या चाचणीपट्ट्या बुडवल्या. पट्टीचा रंग गडद झाला. पावसाच्या पाण्याने एवढे नायट्रेट येत नाही, ते बहुधा मैल्याच्या पाण्याने येते. भिंतीपासून तीन मीटरवर सभागृहाच्या शौचालयाचा शोषखड्डा निघाला.

ओलीचे मोजमाप वजनाने केले. पिना टोचून आकडा दाखवणारे मीटर खारट भिंतीत फसतात, कारण खारामुळे वीज सहज वाहते आणि आकडा फुगतो. त्याऐवजी सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी १५, ६०, १२० आणि १८० सेंटीमीटर उंचीवर सांध्यातल्या चुन्याचा भुगा ड्रिलने काढला. ड्रिल अगदी हळू चालवायचे, नाहीतर पात्याच्या उष्णतेनेच नमुना वाळतो. प्रत्येक भोकातून दोन नमुने, एक ५ सेंटीमीटर खोलीचा, एक २० सेंटीमीटर खोलीचा. लगेच घट्ट झाकणाच्या डबीत भरायचा, वजन करायचे, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा वजन. आत जास्त ओल आणि पृष्ठभागावर कमी असेल तर पाणी भिंतीतून येते. उलट असेल तर हवेतले बाष्प गार भिंतीवर धरते आहे. इथे खोल नमुन्यांची सरासरी जमिनीपासून वर अनुक्रमे ११, ९, ७ आणि २ टक्के आली. पृष्ठभागाचे आकडे १२० सेंटीमीटरची पातळी सोडली तर सगळीकडे कमी होते. त्या पातळीवर खार सर्वांत दाट साठले होते, आणि असे खार दमट हवेतून स्वतःच पाणी ओढतात.

निदान असे झाले: पाणी बाहेरून, खालून, तिन्ही वाटांनी. सिमेंट आणि टाइल्सनी ते आणले नाही, पण ते बाहेर पडायची वाट बंद केली. पूर्वी भिंत पहिल्या एक-दीड फुटातच श्वास सोडून मोकळी होत होती. बाहेर सिमेंटच्या दर्जा (दगडांच्या सांध्यांत भरलेल्या रेघा), आत टाइल्स आणि खाली व्हिट्रिफाइड फरशी बसल्यावर पाण्याला वर चढण्याखेरीज मार्ग राहिला नाही. पाच फुटांपर्यंत टाइल्स लावल्या असत्या तर ओल सहा फुटांवर, खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेली असती.

अंगण

खोदकाम एप्रिल-मेमध्ये उरकले. भिंतीलगतचा १.२ मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण २५ मीटर लांबीत मूळच्या शहाबादीपर्यंत उतरवला. चर २५ मीटर सलग एकदम उघडली नाही. तीन-तीन मीटरचे तुकडे पाडले आणि एक सोडून एक खोदले, म्हणजे पायाच्या बाजूची माती कधीही सगळी मोकळी होत नाही. सोलापूरच्या काळ्या मातीत हे विशेष जपावे लागते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी मिळताच फुगते. या चर्चचा पाया काळी माती ओलांडून मुरमावर टेकलेला आहे हे आधी खड्ड्यात पाहून घेतले होते. पाया काळ्या मातीतच असता तर भिंतीजवळ चर घेण्याचा विचार सोडून नुसता उतार आणि पन्हळ यावर भागवले असते.

निचऱ्याची चर भिंतीपासून ६० सेंटीमीटर दूर ठेवली. रुंदी ४५ सेंटीमीटर, सुरुवातीला खोली ६० सेंटीमीटर, उतार शंभराला एक, म्हणजे शेवटी २५ सेंटीमीटर जास्त खोल. तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरून त्यावर २० ते ४० मिलिमीटरची खडी, मध्ये ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, छिद्रे खालच्या अंगाला, वरून पुन्हा खडी आणि मग कापड दुमडून बंद. कापड वगळले तर काळ्या मातीची गाळवणी दोन पावसाळ्यांत खडी बुजवते. ठेकेदाराच्या यादीतून सर्वांत आधी गळते तेही कापडच. पाणी आवाराच्या उतारावरच्या पावसाळी गटारात सोडले. शौचालयाची जोडणी महापालिकेच्या ड्रेनेजला केली आणि शोषखड्डा उपसून मुरमाने भरला.

अंगण आणि उतरवलेला पट्टा यांत ४० सेंटीमीटरचा फरक राहिला. तिथे काळ्या दगडाची ठेंगणी भिंत घालून वर शहाबादीची कड बसवली. उत्तरेच्या दारापुढे पूल करावा तशी लोखंडी जाळी टाकली, कारण त्या दारातून व्हीलचेअर येते. पायऱ्या केल्या असत्या तर ओल गेली असती आणि म्हातारी माणसेही गेली असती.

आतल्या जमिनीचा प्रश्न याहून कमी खर्चात सुटला. पूर्ण फरशी उखडायची गरज नव्हती. भिंतीलगत ३० सेंटीमीटरचा पट्टा कटरने कापून व्हिट्रिफाइड टाइल्स काढल्या आणि तिथे चुन्यात सांधे भरून शहाबादी बसवली. जमिनीखालचे बाष्प आता या पट्ट्यातून निघते, भिंतीत शिरत नाही.

सिमेंट काढताना

टाइल्स, आतले सिमेंट प्लास्टर आणि बाहेरच्या सिमेंटच्या दर्जा छिन्नी-हातोड्याने काढल्या. ब्रेकर मशीन लावायचे नाही हे करारातच लिहिले होते. ब्रेकरने सिमेंट निघते आणि सोबत आतला ठिसूळ चुनाही हादरून सुटतो. छिन्नी सांध्याच्या मध्यावर मारायची, दगडाच्या कडेवर नाही. बाहेर जिथे दर्जा दगडाच्या वर उचलून, दोरीसारख्या काढल्या होत्या, तिथे त्यांच्या माथ्यावर पाणी थांबून मागचा चुना पार विरघळला होता. काही सांध्यांत पट्टी १० सेंटीमीटर आत जात होती.

याच टप्प्यावर भिंतीची ताकदही पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातली दगडी घरे पडली, ती मुख्यतः भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून फाकून. दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड नसले की असे होते. या चर्चमध्ये आरपार दगड होते. हातोडीने ठोकून पाहता भरीव आवाज येत होता. ओळंब्याने पाच मीटर उंचीत केवळ १८ मिलिमीटर कल मिळाला. वेदीपुढच्या कमानीवरच्या जुन्या तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहिली. वर्षभरात एकही काच तडकली नाही, म्हणून तिथे फक्त चुन्याने सांधा भरला.

उघडी भिंत लगेच झाकायची नाही, ही अट पाळणे सर्वांत अवघड गेले. साधारण ठोकताळा असा की २५ मिलिमीटर जाडीला वाळायला एक महिना. ६० सेंटीमीटरला दोन वर्षे. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर लवकर, पण एका पावसाळ्यात नाही. पॅरिशला नाताळला अशी सोललेली भिंत नको होती, आणि ते समजण्यासारखेच होते. तोडगा निघाला तो तात्पुरत्या गिलाव्याचा. १ भाग चुना, ४ भाग वाळू, मुद्दाम कमजोर आणि सच्छिद्र, १० मिलिमीटरचा एकच थर. तो भिंतीतले खार स्वतःत ओढून घेतो आणि वर्षाने खरवडून फेकायचा असतो. खार कोरडेच झाडायचे. पाण्याने भिंत धुतली की ते विरघळून परत आत जातात.

रंगाखालचे क्रूस

ओलीच्या वरच्या भागातला ऑइल पेंट काढण्याआधी १० बाय १० सेंटीमीटरच्या चौकोनी खिडक्या पाडून रंगाचे थर एकेक करून सोलून पाहिले. धारदार ब्लेडने, भिंगाखाली. वरून खाली: पिवळट ऑइल पेंट, दोन थर डिस्टेंपर, फिकट निळ्या चुन्याचे कित्येक हात, आणि तळाला दुधी पांढरा. दक्षिण भिंतीवर दुसऱ्या खिडकीशेजारी, जमिनीपासून सात फुटांवर, निळ्याच्या खाली ब्लेडला गेरूचा लाल कण लागला. चौकोन वाढवत नेला तेव्हा वर्तुळात बसवलेला, चारी बाहू टोकाला रुंद होत जाणारा क्रूस निघाला. एक वीत व्यासाचा, स्टेन्सिलने काढलेला. वर्तुळाच्या खालच्या कडेला ब्रशच्या दोन केसांचे ठसे चुन्यात तसेच राहिले होते. क्रूसाच्या खाली भिंतीत गंजलेल्या लोखंडाचे बोटभर टोक होते, छाटून वरून रंगवलेले.

असा क्रूस सजावटीचा नसतो. बिशप चर्चचे विधिपूर्वक समर्पण करतात तेव्हा भिंतींना बारा ठिकाणी, किंवा चार ठिकाणी, पवित्र तेल लावतात. त्या जागा क्रूसाने खुणावतात आणि प्रत्येकाखाली मेणबत्तीचा कंस असतो. समर्पणाच्या वर्षदिनी त्या मेणबत्त्या लावायची प्रथा आहे. लोखंडी टोक त्या कंसाचे. लहान धर्मग्रामांची अनेक चर्चेस समर्पित झालेली नसतात, त्यांना फक्त आशीर्वाद दिलेला असतो. त्यामुळे हे क्रूस इमारतीच्या दर्जाचा पुरावा ठरतात, आणि कागदपत्रे कुठे शोधायची तेही सांगतात.

कामाचा आराखडा तिथेच बदलला. पेंट रिमूव्हर आणि वायर ब्रशने सगळी भिंत सपाट करायचा बेत रद्द झाला. सापडलेल्या क्रूसापासून समान अंतरे मोजून बाकीच्या संभाव्य जागा खडूने आखल्या आणि तेवढ्याच जागा हाताने उघडल्या. एकूण नऊ क्रूस मिळाले. उत्तरेच्या भिंतीवरचे दोन विजेच्या पट्ट्यांसाठी पाडलेल्या खाचांत गेले होते, एक ध्वनिक्षेपकाच्या पेटीमागे. गेलेले तीन पुन्हा रंगवून काढावेत असा आग्रह झाला. ते केले नाही. त्या जागी चुन्याच्या गिलाव्यात नुसती वर्तुळाची रेघ ओढून ठेवली, म्हणजे बाराचा हिशेब कळतो आणि खोटे जुने तयार होत नाही.

चुना

वरच्या भागाचा गिलावा नोव्हेंबर ते जानेवारीत केला. सोलापुरात चुन्याला हाच हंगाम. मार्चनंतर ऊन आणि कोरडा वारा यांनी गिलाव्यातले पाणी तो जमण्याआधीच उडते आणि केसासारख्या भेगा पडतात. गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरात मजूर मिळत नाहीत, तो आठवडा वेळापत्रकात आधीच मोकळा धरला होता.

कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्याखाली तीन महिने ठेवला. पंधरा दिवसांचा चुना चालतो असे सांगणारे भेटतात. न विरलेली बारीक खडी त्यात राहिली तर ती गिलाव्यात नंतर फुलते आणि नाण्याएवढे खड्डे उडतात. प्रमाण १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी मंद भाजलेल्या विटांची घ्यायची. जास्त भाजून काळपट झालेल्या विटेची भुकटी चुन्याशी नीट जमत नाही, ती नुसतीच भरताड होते. भीमा-सीनेची वाळू हल्ली रीतसर मिळणे कठीण म्हणून क्रश सँड वापरली, पण धुऊन. तिच्यातली पिठासारखी पूड तशीच राहिली तर गिलावा आकसतो. गूळ-हिरड्याचे पाणी घालावे की नाही यावर गवंड्यांची मते ठाम असतात. खारट आणि ओलसर भागात ते टाळलेले बरे, कारण गोडाला बुरशी येते. वरच्या कोरड्या भागात हरकत नाही.

ओलीच्या पट्ट्यातल्या पक्क्या गिलाव्याचा अंदाज असा: आतून २४ मीटर लांबी, १.५ मीटर उंची, म्हणजे ३६ चौरस मीटर. दोन थर मिळून २० मिलिमीटर जाडीला ०.७२ घनमीटर. सांध्यांतली भर आणि सांड धरून ०.९. सुटा माल १.२ घनमीटर लागतो: चुना ०.३, सुरखी ०.३, वाळू ०.६.

पहिला नमुना-चौकोन दुसऱ्या दिवशी सकाळी नखाने खरवडला जाईना. सुरखीचा चुना एका रात्रीत इतका कडक होत नाही. विचारल्यावर मिस्त्रींनी सरळ सांगितले, “फादर, मूठभर सिमेंट टाकलंय. त्याशिवाय धरत नाही बघा.” चुन्याच्या कामात सर्वाधिक वेळा होणारी गडबड हीच, आणि ती वाईट हेतूने होत नाही. मिस्त्रींच्या हाताला सिमेंटचा वेग माहीत असतो. चौकोन काढला, सिमेंटच्या गोण्या आवाराबाहेर ठेवल्या, आणि मजुरीला रोजच्या मापाऐवजी ठरलेल्या थरांचा दर लावला. घाईचे कारणच संपले. त्यानंतर प्रत्येक थर १० मिलिमीटरपेक्षा जाड नाही, दोन थरांत किमान आठवडा, आणि दहा दिवस ओल्या गोणपाटाचे पडदे. पडदे भिंतीला चिकटू द्यायचे नाहीत, दोन बोटे दूर टांगायचे, नाहीतर गोणपाटाची वीण गिलाव्यावर उमटते.

थर पुरता जमला का ते पाहायला कोपऱ्यात एक टवका काढून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकतात. गुलाबी झाला तर आत अजून कच्चा चुना आहे. रंग आला नाही तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का झालेला आहे. वरून चुन्याचे पाच पातळ हात दिले, दुधापेक्षा दाट नाही. ॲक्रिलिक प्रायमर नाही.

छप्पर आणि वेदी

पीओपीचे छत रद्द झाले ते एका टोच्यामुळे. सात कैच्यांच्या आडव्या तुळयांची टोके भिंतीत शिरतात तिथे टोच्या दाबून पाहिला. उत्तरेच्या दोन टोकांत तो मुठीपर्यंत गेला. पन्हळ नसल्याने भिंतीचा माथा भिजत होता आणि सागवान आतून कुजले होते. खाली पीओपी असते तर हे कळले असते ते तुळई सुटल्यावरच. कुजलेले ४० सेंटीमीटर कापून जुन्या सागवानाचा तिरका जोड बोल्टने बसवला. टोकाभोवती भिंतीत तीन सेंटीमीटर हवा खेळेल अशी फट ठेवली. उत्तर पाख्याला चौरस मीटरला साधारण १५ या हिशेबाने कौले उतरवून, घासून परत चढवली, फुटकी तेवढी बदलली. नवी कौले जुन्या खोबणीत बसतात का ते प्रत्यक्ष बसवून पाहावे लागते. कारखान्यागणिक खोबणीत फरक असतो आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या फटीतूनही वाऱ्याचा पाऊस आत येतो. पन्हळ नवी, १५० मिलिमीटरची, उतरते पाइप चार.

वेदीचा वाद तांत्रिक नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेनंतर), १९६४ च्या सूचनांप्रमाणे, वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा (मुख्य उपासना) करता येईल, असे आले. या चर्चने तेव्हाच पुढे सुटी वेदी मांडली होती. मागची जुनी लाकडी वेदी, कोनाडे आणि मूर्तींसह, तशीच राहिली होती. ती उपासनेच्या आड येत नव्हती, फक्त जुनाट दिसत होती. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतला १२१६ वा नियम दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगतो. ११८९ वा नियम सांगतो की जुन्या, कलादृष्ट्या मोलाच्या किंवा श्रद्धेच्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. हे दोन नियम बैठकीत वाचून दाखवल्यावर विषय धर्मप्रांताकडे गेला आणि वेदी जागेवर ठेवायचे लेखी उत्तर आले. वेदी हलवायचीच झाली तर तिच्या माथ्यात बसवलेली लहान चौकोनी शिळा आधी शोधावी लागते. तिच्या खळग्यात संतांचे अवशेष मोहोरबंद असू शकतात, आणि सुताराच्या दृष्टीने तो एक सैल दगड असतो. इथे वेदी भिंतीपासून फक्त पाच सेंटीमीटर पुढे घेतली, मागून हवा जायला, आणि तळाला वाळवीचा उपाय केला. पॉलिश केले नाही.

आकडे

त्याच सहा जागांचे खोल नमुने दर नोव्हेंबरला घेतले. १५, ६०, १२० आणि १८० सेंटीमीटरवरची सरासरी निचरा झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी ८, ५, ३ आणि १ टक्का. दुसऱ्या वर्षी ५, ३, २ आणि १. तात्पुरता गिलावा पहिल्या वर्षाअखेरीस १२० सेंटीमीटरच्या पट्ट्यात भुसभुशीत झाला. तक्रार आली, पण तो त्यासाठीच होता. तो खरवडून पोत्यांत भरून आवाराबाहेर टाकला, बागेत नाही, कारण त्यातला खार पुन्हा मातीतून परत येतो.

पक्का गिलावा दुसऱ्या हिवाळ्यात झाला. अपवाद सॅक्रिस्टीजवळचा, म्हणजे उपासनेचे साहित्य ठेवायच्या खोलीजवळचा, तीन मीटरचा कोपरा. तिथे नंतर बांधलेल्या खोलीचा काँक्रीटचा स्लॅब मूळ भिंतीला टेकतो आणि सांध्यातून पाणी उतरते. ६० सेंटीमीटरवर तिथे अजून ७ टक्के ओल आहे. स्लॅबच्या सांध्यावर शिशाच्या पत्र्याची झाकण-पट्टी बसवायचे काम पुढच्या उन्हाळ्यात आहे, तोवर त्या कोपऱ्यात तात्पुरताच गिलावा राहील आणि त्याच्यासमोर कपाट ठेवायचे नाही. पन्हळींची सफाई मेच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अशी वर्षातून दोनदा. शिडीची किल्ली सॅक्रिस्टनकडे (त्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्याकडे) आणि तारखेसह नोंद धर्मग्रामाच्या मालमत्ता नोंदवहीत.